आक्काबरोबर मैदानाची फेरी

"पोर दे आधी, मग पड," आक्का म्हनाली.

मी पडायच्याच बेतात होते. डोळ्यापुढं काळं, अंगाला घाम, कडेवर बाळ, आनि खासबागच्या मैदानात धरायला जवळ एक झाड न्हाय. तिनं बाळ वडून घेतलं, मला खाली बसवलं आनि पिशवीतलं बिस्कुट माझ्या तोंडात कोंबलं.

"आक्का, मंगळवार हाय. उपास हाय माझा."

"चाव. देवीला मी सांगते. माझी वळख हाय तिच्याशी."

काय झालतं ते सांगते. बाळंतपनात मला शुगर निघाली ती गेलीच न्हाय. वजन उतरलं न्हाय तर इंजेक्शन, असं डॉक्टरीणबाई म्हनाल्या. माझ्या आईच्या पायाचा अंगठा शुगरनं काढलेला मी बघितलाय. म्हनून चालाय लागलते. मग बाळाला जुलाब झालं आनि चालनं सुटलं ते सुटलंच. त्या मंगळवारी ठरवलं, राहिलेल्या सगळ्या फेऱ्या आज एकदम काढायच्या. पोटात शुगरची गोळी, वर कडक उपास. मला वाटलं, जेवलंच न्हाय तर शुगर लवकर उतरंल.

आक्का आमच्याच गल्लीतली. घरात माग, त्यावर साड्या विनायची. पदर खोचलेला, पायात नातवाचं शाळेचं जुनं बूट. जलम मागाच्या खडखडाटात गेलेला, म्हनून कानात सांगायची गोष्ट पन तिची मैदानभर ऐकू जायची. माझं वजन किती, हे आख्ख्या खासबागेला ठाऊक हाय ते तिच्यामुळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात. "चल."

"आक्का, आता सगळं पयल्यापासनं करायचं. लई मागं पडले मी."

"पयल्यापासनं कशाला? धागा तुटला की माग थांबतोय. गाठ मारायची, चालू करायचा. आख्खी साडी उसवत बसतंय काय कोन?"

मी गेले. एकच फेरी मारली. दुसरी मारते म्हनलं तर म्हनाली, "घरला चल. उद्या पन हाय मैदान."

मग माहेरला निपाणीला जत्रेसाठी गेले आनि पुरनपोळ्या हाणून आले. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आधी ही हजर.

"किती खाल्लीस?"

"लई."

"बरं. गाठ मार."

एवढंच. तिनं कधी रागवलं न्हाय बघा. मला तर वाटायचं, एकदा तरी वराडावं, म्हंजे मी रुसून घरात बसायला मोकळी. पावसात सुटलं, बाळाच्या दातात सुटलं, मालकांची नाईट लागली तवा सुटलं. दरवेळी ती आपली दारात, बूट घालून. तसंच करत करत शुगर जराशी उतरली. डॉक्टरीणबाई म्हनाल्या, असंच चालू ठेव, मग इंजेक्शनचं बघू.

आनि नेमकं तवाच तिच्या लेकीला दिवस गेले. आक्का तिच्याकडं चिकोडीला गेली.

मी रडले. तर सकाळी फोन. "तू तितं चाल, मी हितं चालते. बोलायचं न्हाय, दम ऐकू आला पायजे." आमी तसंच चालायचो. तिकडनं तिचा दम, हिकडनं माझा. मालक म्हनायचे, ह्या दोघी रिचार्ज मारून नुसत्या धापा टाकत्यात.

गेल्या आठवड्यात तिचा गुडघा सुजला. "मी पडून ऐकते," म्हनाली, "तू फिर."

आज सकाळी फोन लावून मैदानाच्या फाटकापाशी आले तर तिकडनं आवाजच न्हाय. आक्का, आक्का म्हनलं. नीट ऐकलं तर बारीक घोरनं. गुडघ्याच्या गोळ्यांनी झोप लागलती तिला. थंडी होती. घरात बाळ उठलं असंल असं सारखं वाटाय लागलं. परत फिरले असते तर तिला कळलं पन नसतं. फोन बंद करवंना, आत पाय टाकवंना. तिचं घोरनं कानाला धरून मी तशीच उभी.

तुमी असता तर काय केलं असतं?