पासवर्ड मिळायच्या आधीची चूक

मेश्राम सरांचं नाव आधी घेतो. बीरगावच्या बुद्धविहारात, रेल्वेची ड्यूटी संपवून, एका जुन्या मशीनवर त्यांनी मला लिनक्स शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. रायपूरच्या या ऑफिसात सर्व्हर सांभाळायचं कंत्राटी काम लागलं, तेही त्यांनी शब्द टाकला म्हणून.

त्या सोमवारी सकाळी ठरल्याप्रमाणे मी सर्व्हर रीस्टार्ट केला. मशीन सुरू झालं. नेटवर्क आलं नाही. हॉलमधलं सगळं काम थांबलं. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कोटेवालों के हाथ में मशीन दोगे तो यही होगा."

मागून कोणीतरी म्हणालं, "इसको तो पंखे का स्विच भी मत छूने दो, भैया." हॉल हसला.

कंत्राटी कामात आरक्षणाचा कोटा नसतो. मी मान खाली घालून स्क्रीन वाचत राहिलो.

नेटवर्क कार्ड मशीनला दिसत होतं. पण ते चालवणारं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, सिस्टीमच्या कर्नेलनं लोडच केलं नव्हतं. मी ते हातानं लोड केलं. नेटवर्क लगेच आलं. मग आपोआप का येत नाही? सेटिंगच्या फाईली एकेक उघडल्या. एकीत लिहिलं होतं, हे मॉड्यूल लोड करू नये. फाईल तीन आठवड्यांपूर्वी बदललेली. नवा ड्रायव्हर टाकायचा म्हणून जुना बंद केला, आणि नवा बसलाच नाही हे कोणी पाहिलं नाही. आधीच लोड झालेलं मॉड्यूल चालत राहतं, म्हणून तीन आठवडे काही कळलं नाही. जो रीस्टार्ट करेल, त्याच्या माथी.

असली फाईल बदलायला रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या पूर्ण ताब्याचा, पासवर्ड लागतो. तीन आठवड्यांपूर्वी तो फक्त साहेबांकडे होता. मी मागायचो तेव्हा "तुम रहने दो" म्हणायचे. मला तो मिळाला शुक्रवारी, या रीस्टार्टपुरता.

केबिनमध्ये जाऊन मी फाईल दाखवली. साहेबांनी तारखेकडे बराच वेळ पाहिलं. मग आधीच छापून ठेवलेला एक कागद पुढे सरकवला. चूक माझी, असा कबुलीजबाब.

"साइन कर दे, बेटा. मेश्राम जी ने हाथ जोड़े थे तेरे लिए. उनका तो लिहाज़ कर."

हात जोडले होते. सरांनी. मला माहीत नव्हतं.

मी पेन उचललं. उपकाराला जागायचं, हे घरात शिकलो होतो. कागदावर वाकलोही. मग त्याच टेबलापुढे हात जोडून उभे असलेले सर डोळ्यांसमोर आले. अंगाची आग झाली. पेन ठेवलं.

"नहीं करूँगा, सर."

घरी बाबा म्हणाले, "काहून अडून बसला बे? करून टाकाची होती सही. नोकरी त वाचली असती."

मी सरांना पत्र लिहायला बसलो.

"आदरणीय सर, जयभीम.
मी सही केली नाही. फाईल, तिची तारीख आणि त्या दिवशी पासवर्ड कोणाकडे होता, हे लिहून वरच्या ऑफिसला पाठवलं आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. नोकरी बहुतेक जाईल. तुमचे उपकार मी मानतो, पण ते खोट्या सहीनं फेडणार नाही. साहेब तुम्हाला फोन करतील. माझ्या वतीनं माफी मागू नका. मी मागितलेली नाही. मागणार नाही."