अमीन म्हणजे भरवशाचा

लोबानचा धूर आणि मळणीयंत्रातून उडणारा सोयाबीनचा भुसा, दोन्ही वास एकाच वाऱ्यावर अंगणात येत होते. ताडकळसला आश्विनातलं ऊन असंच पिवळं, कोरडं उतरतं. लेकीच्या बाळाचा अकीका होता. जावळ नुकतंच उतरवलेलं, आणि नाव ठेवायचा मान माझ्याकडे आलेला. मनात मात्र काहीच हलत नव्हतं.

“अमीनच ठेवा की,” शेजारची सरूकाकू म्हणाली. “आज्याचं नाव. लय भरवशाचं हाय.”

अमीन हे माझं नाव. अरबीत त्याच्या मुळाशी निर्धास्तपणा आहे. ज्याच्या हाती आपलं सगळं सोपवून निवांत निजावं, तो अमीन. पैगंबरांनाही मक्केचे लोक तरुणपणी याच नावानं ओळखत. त्याच धातूतली अमानत मराठीत येता येता अक्षरं उलटी होऊन अनामत झाली. इमान तेवढं जसंच्या तसं उरलं. शाळेत मराठी शिकवताना हे मी दरवर्षी रंगवून सांगतो.

काकूचा दत्ता पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्यानं आई माझ्यावर सोपवली होती. तिच्या डोळ्यांत काचबिंदू. परभणीला नेऊन दाखवत राहायचं, एवढंच. आज शाळा, उद्या पाहुणे, मग पुढच्या बाजारानंतर जाऊ, असं करत मी ते वर्ष काढलं, आणि तिची नजर कडेकडेनं, सांज उतरावी तशी, विझत गेली. दत्ताला तिनं सांगितलं, अमीन न्यायचा, इलाजच चालला न्हाई. ते खोटं मी ऐकलं आणि गप्प बसलो. तेव्हापासून आतलं काहीतरी, अंगाखाली दबलेल्या हातासारखं, बधिर आहे.

“काकू,” आता मी म्हणालो, “तुला मी दवाखान्यात नेलंच नव्हतं.”

लेक थबकून माझ्याकडे पाहत राहिली.

“मला सांगायलास व्हय रं?” काकू म्हणाली. “आंधळी झाले, येडी न्हाई.”

“मग दत्ताला तसं का सांगितलंस?”

“त्यो तुला भाऊ म्हनतो. माझे डोळे गेले ते गेले, त्येचा भाऊ कशाला घालवू?” मग चाचपत बाळावर हात ठेवून, “नाव तेच ठेव. तुला न्हाई जमलं, ह्याला जमतंय का बघू.”

मी झोपलेल्या बाळाच्या कानाशी वाकलो. स्वतःचं नाव हाक म्हणून उच्चारायची वेळ माणसावर सहसा येत नाही. “अमीन,” मी हलकेच म्हणालो, आणि कुणाचीच ओ आली नाही. ना त्याची, ना माझी.