शाहीनआपांचा संशय

शाहीनआपा गेल्याचा निरोप मला तीन जणांकडून आला, आणि तिन्ही वेळा मी त्यावर विश्वास ठेवला नाही. लातूरला आमच्या रुग्णालयाच्या मागे फुटाणे भाजणाऱ्याची भट्टी आहे. दुपारी तिचा खमंग, किंचित करपलेला वास माझ्या टेबलापर्यंत येतो. त्या वासात बसून मी फोनवरचे ते निरोप पुन्हा पुन्हा वाचत होते. एक प्रयोगशाळेतून आलेला, एक निलंग्याच्या शाखेतून, एक शेजारच्याच खोलीतून. तिन्हींचे शब्द तेच होते आणि शेवटचे वाक्य तिन्हींत एकाच जागी तुटलेले होते. म्हणजे तीन माणसे सांगत नव्हती. एकाच निरोपाच्या तीन प्रती फिरत होत्या. असा विचार करण्याची सवय माझी नव्हे, ती शाहीनआपांनीच लावलेली... मी नांदेडला त्यांच्या धाकट्या भावाला, सलीमभाईंना फोन लावला. पलीकडून बायकांचे दबके बोलणे ऐकू आले, कुठेतरी एक भांडे पडले, आणि मग ते म्हणाले, "हाव ताई. सकाळीच गेली. बाकी सगळ्यांनी वाचलं आन् फुलं घेऊन आले. खरं हाय का म्हणून इचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आपा खूश झाली असती."

आमच्या संस्थेची तीन रुग्णालये आहेत. नांदेडला मोठे, लातूरला मधले, निलंग्याला लहानसे. रुग्णाची नोंद कुठेही केली तरी तिची प्रत तिन्ही ठिकाणच्या सर्व्हरवर उमटते. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याकडची प्रत कामी यावी, हा हेतू. ही सारी यंत्रणा नांदेडला बसणाऱ्या शाहीनआपांच्या हाती होती. मी लातूरच्या रुग्णमाहिती विभागात आहे. मराठी कवितेत एम.ए. केलेल्या बाईला 'जेवणानंतर एक गोळी' एवढी ओळ नीट लिहिता यावी म्हणून संस्था पगार देते, असे त्या मला चिडवत. नांदेडच्या जुन्या बाजारात त्यांच्या वडिलांचे अत्तराचे दुकान होते. त्या दुकानाचा वास त्यांच्या ओढणीला कायम असे, पण तो येताक्षणी जाणवत नसे. त्या निघून गेल्यावर, खुर्ची रिकामी झाल्यावर, तो हळूच वर येई. एकदा मी हे बोलून दाखवले, तर म्हणाल्या, "अब्बा कागदावर थेंब टाकायचे आन् गिऱ्हाइकाला म्हणायचे, उद्या या. लगेच जो वास येतो ना अनु, त्याच्यात निम्मी भेसळ असते."

पहिली काही वर्षे मला त्यांचाच संशय होता, हे लिहिले पाहिजे. वीज गेली आणि सर्व्हर बसला की तो पुन्हा उठेपर्यंत खिडकीपुढची रांग दारापर्यंत जाई. घामाचा, ओल्या छत्र्यांचा, लहानग्यांच्या हातांतल्या बिस्किटांचा वास दाटून येई आणि आमच्या पडद्यावर काहीच हलत नसे. कारण शाहीनआपा एकेक नोंद तिन्ही ठिकाणच्या प्रतींशी ताडून पाहिल्याशिवाय यंत्रणा खुली करत नसत. एवढा वेळ कशाला लागतो? ही बाई काहीतरी लपवत तर नाही ना? दर वेळी थोडे काही हरवत असेल आणि ते आत बसून हळूच शिवून टाकत असेल, असे मला वाटे. मी एकदा फोनवर तसे विचारलेही. त्या म्हणाल्या, "माझ्यावर शक घेऊन राहिली का तू? घे. पण अर्ध्यात सोडू नको. शेवटपर्यंत जा." त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या आनंदल्या होत्या, आणि त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

तो संशय ज्या दिवशी फिटला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने आदल्या दिवशी नांदेड आणि लातूर यांच्यामधली केबल तोडली होती. दोन्हीकडचे सर्व्हर एकमेकांपासून तुटले, पण काम कुणाचे थांबले नव्हते. एकाच रुग्णाच्या नोंदीत नांदेडला एक भर पडत होती, लातूरला दुसरी, आणि एकीची खबर दुसरीला नव्हती. केबल तुटली म्हणून शाहीनआपा सकाळीच लातूरला आल्या. दुपारी केबल जुळली, आणि त्याच धांदलीत वीज गेली, आमचा सर्व्हर बसला. आमचे व्यवस्थापक माधवराव, उंच, आवाजाने त्याहून उंच, सर्व्हरच्या खोलीत येऊन उभे राहिले. त्या खोलीतली हवा नेहमी गार आणि कोरडी असते, जिभेला किंचित धातूसारखी लागते. एक सोपा मार्ग सगळ्यांनाच माहीत होता. प्रतींमध्ये फरक असेल तिथे जिच्यावरची वेळ सर्वांत अलीकडची ती प्रत खरी धरायची, बाकीच्या पुसायच्या; यंत्र हे स्वतःच करते आणि चहा निवायच्या आत सुरू होते.

"बाहेर लोक मला फाडून खातील मॅडम. दाबा ते बटन," माधवराव म्हणाले.

"खाऊ द्या सर. तुम्ही पुरून उराल," शाहीनआपा मान वर न करता म्हणाल्या. "दोन दिवसांचं लिखाण दोन ठिकाणी झालंय. कोणतं नवं, हे घड्याळ सांगणार. आन् घड्याळाला कोण विचारणार?"

असे म्हणून त्यांनी सहज भिंतीकडे पाहिले, मग मनगटाकडे, मग पुन्हा भिंतीकडे. "अनु, हे पुढं हाय का गं?"

"थोडं आहे आपा. आमच्याकडे सगळीकडेच मुद्दाम ठेवतात. लोक वेळेवर येतात, निलंग्याची एसटी चुकत नाही."

"आन् सर्व्हरचं?"

मी माधवरावांकडे पाहिले. ते घसा खाकरून म्हणाले, "ते पण तेवढंच पुढं करायला लावलं मी. मागं एकदा हजेरीवरून भांडण लागलं, भिंतीवरचं खरं का कॉम्प्युटरचं... मग म्हटलं, एकच करून टाका. केबल सुरू असली की ते आपोआप मागं यायचं. तेही बंद करून घेतलं."

शाहीनआपा आधी मनापासून हसल्या. "वाह! म्हणजे नांदेडवाले काहीही लिहू देत, नवं ते लातूरचंच. शहराचा लई अभिमान हाय सर तुम्हाला." मग त्यांचे हसू मावळले. त्यांनी दोन्हीकडे भर पडलेल्या नोंदी शेजारी-शेजारी उघडल्या आणि वेळा बाजूला ठेवून नुसता मजकूर वाचायला घेतला. त्यांच्या मागे उभी राहून मीही वाचत होते. शिरूर अनंतपाळच्या कमलबाईंच्या नोंदीशी त्यांचे बोट थांबले. कमलबाई आदल्या दिवशी तपासणीसाठी नांदेडला होत्या, आणि त्यांचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे ठरले होते. लातूरच्या प्रतीत त्यांच्या दिराने बदलून घेतलेला फोन नंबर होता. नांदेडच्या प्रतीत जुनाच नंबर होता, पण त्याखाली तिथल्या डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती : अमुक इंजेक्शनने अंगावर सूज, श्वासाला त्रास, हे औषध पुन्हा देऊ नये. खरे पाहता ही ओळ नंबरानंतर थोड्याच मिनिटांनी लिहिलेली होती. लातूरच्या पुढे पळणाऱ्या घड्याळामुळे ती आधीची ठरली होती. बटण दाबले असते तर ती पुसली गेली असती, आणि ऑपरेशनच्या आधी आमच्याकडे नेमके तेच इंजेक्शन देण्याची पद्धत होती.

मी वॉर्डात गेले. कमलबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, हातांवर खाजवल्याचे लाल ओरखडे. "काल नांदेडला काय झालं होतं मावशी?" म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "सुई टोचली की लई गांधी उठल्या बाई, जीव घाबराघुबरा झाला. डाक्टर म्हनले, लिहून ठिवलंय. मग मी कशाला सांगू परत? लिहून ठिवलंय म्हनले की." लिहिलेल्यावर त्यांनी ठेवलेला तो भरवसा मी सर्व्हरच्या खोलीत परत जाऊन शब्दशः सांगितला.

दुसऱ्या दिवशी त्यांना वेगळे औषध दिले गेले, ऑपरेशन नीट पार पडले. माधवरावांनी सगळीकडची घड्याळे जुळवून घेतली आणि म्हणाले, "झालं मॅडम, आता तरी पटकन चालू होऊ द्या." पण शाहीनआपा त्यावर निवांत झाल्या नाहीत. "आज घड्याळ सापडलं सर. उद्या काय सापडेल, मला मालूम नाही." मात्र बाहेरची रांगही त्यांनी पाहिली होती, तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन ताटकळलेल्या बायका पाहिल्या होत्या. त्यानंतर कित्येक महिने त्या एकाच प्रश्नाशी झुंजत राहिल्या, की यंत्रणा लगेच उठावी आणि तरीही काही हरवू नये. शेवटी त्यांनी बसवलेली पद्धत त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावली. "आतापर्यंत मी काय करायची? सगळं घर झाडून झाल्यावर दार उघडायची. आता दार आधी उघडणार. पाहुणा ज्या खोलीकडे निघाला ती खोली आधी झाडणार, बाकीच्या मागाहून. पण न झाडलेल्या खोलीत कुणालाच पाऊल टाकू देणार नाही." म्हणजे सर्व्हर उठताच खुला होई. कुणी एखादी नोंद मागितली की तेवढीच तिन्ही ठिकाणी ताडली जाई, आणि जुळली तरच उघडे. जुळली नाही तर यंत्र स्वतः निवडत नसे, काही पुसतही नसे. वेगळ्या पडलेल्या प्रती माणसापुढे ठेवी.

ताडणी चालू असताना पडद्यावर दाखवायचे वाक्य त्यांनी माझ्याकडून मागितले. मी मनापासून लिहिले होते : 'कृपया क्षणभर थांबावे, आपली नोंद आम्ही जपून पाहत आहोत.' त्यांनी फोनवर ऐकले आणि म्हणाल्या, "लग्नाची पत्रिका हाय का? 'कृपया' काढ. कृपया म्हटलं की माणूस पुढं घुसतो. आन् 'जपून' कशाला? आपण जपतो का नाही, ते अजून कुठं ठरलंय?" बरीच हुज्जत घातल्यावर उरले ते एवढे : 'नोंद अजून जुळलेली नाही. थांबा.' माझे आजवरचे सर्वांत कमी शब्दांचे, आणि सर्वांत जास्त वाचले गेलेले लिखाण.

एवढा संशय अंगी बाळगणाऱ्या बाईच्या सोबत राहणे सोपे नसे. त्या पेढ्याची तारीख पाहिल्याशिवाय आनंदाची बातमी ऐकत नसत. कुणी स्तुती केली की विचारत, "काम काय काढलंय?" सलीमभाईंच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला इतके प्रश्न विचारले, की तो पळी टाकून निघाला होता... आणि म्हणूनच त्यांच्या जाण्यातली एक गोष्ट माझ्या मनाला अजून पटत नाही. शेवटच्या भेटीत, नांदेडच्या त्या गार खोलीत, बोलता बोलता त्या दोनदा छातीवर हात ठेवून थांबल्या. मी विचारले, तर म्हणाल्या, "ॲसिडिटी." बस, एकच शब्द. वरच्या मजल्यावर हृदयाचे डॉक्टर बसतात. दिसेल त्या गोष्टीला दुसरी प्रत मागणाऱ्या आपांनी आपल्या छातीचे एकतर्फी म्हणणे कसे मान्य केले? की त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी मला थोपवण्यापुरते ते वाक्य पुढे केले? मी सलीमभाईंना विचारले, आपांच्या डॉक्टरांना विचारले. दोघांचे सांगणे एकमेकांशी जुळत नाही. मीही त्यातले एक निवडून दुसरे पुसलेले नाही.

त्या गेल्यावर थोड्याच आठवड्यांत माधवरावांनी बैठक बोलावली. नोंद उघडायला लागणारा तो जरासा वेळही डॉक्टरांना नको होता. आपांची ताडणी बंद करावी, असा प्रस्ताव होता. प्रत्येक विभागाने होकार द्यायचा होता. बाकीच्यांनी दिला. मी म्हणाले, "बंद करण्याआधी एकदा माझ्यासमोर चालवून दाखवा." माधवराव वैतागले. "ताई, त्या गेल्या. आता त्यांचं भूत तुम्ही नका होऊ." तरीही बहुधा बैठक लवकर संपावी म्हणून, ते स्वतः संगणकासमोर बसले आणि समोर आली ती, सकाळी केबल बंद असताना निलंग्याहून पाठवलेल्या एका म्हाताऱ्या रुग्णाची नोंद मागितली. पडद्यावर ते वाक्य आले. पंख्याची पाती आणि माधवरावांच्या बोटांचा टेबलावरचा ताल एवढेच ऐकू येत होते. मग दोन प्रती शेजारी-शेजारी उघडल्या. निलंग्याच्या प्रतीत दुखरा डोळा डावा होता, लातूरच्या प्रतीत उजवा.

माधवरावांची बोटे थांबली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, दोन्ही प्रती पहिल्या ओळीपासून ओठ हलवत वाचल्या, आणि कुणालाही काही न विचारता निलंग्याला फोन लावला. बैठक तशीच विरघळली. प्रस्तावाचे नाव कुणी काढले नाही.

पण मी तिथे उभी होते म्हणून त्यांनी फोन केला असेल, अशी मला शंका आली. एका प्रसंगावरून माणसाबद्दल काही ठरवण्याची माझी तयारी आता राहिलेली नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात वीज येऊन-जाऊन होती त्या दुपारी मी त्यांच्या खोलीबाहेर, दाराआड, त्यांना दिसणार नाही अशी उभी राहिले. आत एक नोंद जुळत नव्हती आणि दोन माणसे घाई करत होती. माधवरावांचा तो उंच आवाज खाली आलेला होता, जवळजवळ कुजबुजल्यासारखा.

"हॅलो, निलंगा का? ... न्हाई न्हाई, पाठ म्हणू नका. उठा, पेशंटकडं जा, त्याला इचारा. ... हाव, थांबतो ना मी. फोन चालूच ठेवतो."