हिरवे ठिपके

ख्राइस्टचर्चपासून तासाभरावरच्या त्या फार्मवर मी पहिल्यांदा मातीचे नमुने घ्यायला गेले, तेव्हा फार्मचा मालक म्हणाला, "कुंपणाची तार बंद आहे. जा ओलांडून, काही होत नाही. स्वीट अ‍ॅज." मी तार धरली. तारेत वीज चालू होती. मी शेणात बसकण मारली आणि तो गुडघ्यांवर हात टेकून हसत सुटला. ही गंमत त्याने माझ्या ऑफिसपर्यंत पोचवली. पुढे महिनाभर मी दिसले की कुणीतरी 'झ्झ्झ' असा आवाज काढायचं. मीही हसून घेतलं, आणि डूख धरला.

पुढच्या वर्षी पुन्हा मीच गेले. जमिनीत नायट्रोजन किती साठलाय हे बघणं आमचं काम. तो फार झाला की झिरपून विहिरींच्या पाण्यात उतरतो, आणि मग मालकाला गायी कमी कराव्या लागतात. नळी खुपसून माती काढायची, पण एक नियम पाळायचा. गाय मुतते तिथलं गवत गर्द हिरवं होतं. तो ठिपका टाळायचा, कारण तिथे नायट्रोजन भलताच असतो.

त्या दिवशी मी ठिपके शोधून शोधून नळी खुपसली. दर वेळी मनात म्हणत होते, घे, हे तुझं झ्झ्झ. खोटं कशाला बोलू, या नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आकडा हवा तसा आला. त्याच्या गायी ट्रकमधून गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. वाढदिवस आहे म्हणून सांगितलं.

यंदा गेले, तर त्याने आधी स्विच बंद करून दाखवला, मग उघड्या हाताने तार खाली दाबून धरली. कुरणात गायी विरळ दिसत होत्या. त्याने आकड्यावर शंका घेतलीच तर काय बोलायचं, ते मी गाडीत घोकून आले होते.

"शेजारी म्हणत होते, दुसऱ्या कुणाकडून मोजून घे," तो म्हणाला. "मी म्हटलं, गरज नाही. ती बाई चोख काम करते."

मी या वेळी एकूण एक ठिपका टाळला. आकडा अर्थातच उतरला. त्याचा फोन आला. गायी विकल्या ते बरंच झालं, म्हणाला, आणि थँक्यू म्हणाला. मी "हो" म्हटलं.