न आलेल्या मुलांचं वजन

सुलभाताई गेल्याचा फोन त्यांच्या धाकट्या भावाचा आला आणि मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "नक्की ना?" तो म्हणाला, "अरे, मी उशाशीच बसलो होतो." माणसानं इथे तरी गप्प बसावं. पण फोन ठेवून मी त्यांच्या शेजारणीलाही फोन लावला. एकाच्या तोंडची गोष्ट दुसऱ्याकडून पडताळल्याशिवाय खरी धरायची नाही, ही खोड मला ताईंनीच लावली. तिचा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नसेल. किंवा वाटलंही असेल. माझ्याकडून त्यांच्या अपेक्षा बेताच्याच असत.

ताई अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. गरिबांसाठीच्या योजनांनी गरिबाच्या घरात खरंच काही फरक पडतो का, हे मोजून पाहणं त्यांचं काम. वडील रेल्वेत असल्यामुळे बालपण डहाणू रोडला गेलेलं. पुढे मुंबईत शिकवू लागल्या तरी पाहणीसाठी सारख्या इकडेच. मला त्यांनी सुपरवायझर नेमलं, कारण माझ्याकडे मोटारसायकल होती आणि मराठी-गुजराती दोन्ही फाडफाड बोलतो असं मी ठोकून दिलं होतं. डोंगराकडच्या सायवनला पोचल्यावर कळलं, तिथल्या आज्यांना माझी कुठलीच भाषा पटत नव्हती.

काम सांगायला सोपं होतं. एका संस्थेला डहाणू-तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यांवर लहान मुलांना संध्याकाळचं गरम जेवण द्यायचं होतं, अंगणवाडीत मिळतं त्याच्याशिवाय आणखी एक. सगळीकडे द्यायची ऐपत नव्हती, म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्मे पाडे निवडले. वर्षानं दोन्हीकडच्या मुलांची वजनं करायची. फरक दिसला तर जेवण चालू राहणार, नाही दिसला तर बंद.

आमच्यावर विश्वास कुणाचाच नव्हता. "पोरं तोलतोस कशाला? बाजारात नेतोस काय?" एका आजीनं विचारलं, आणि पोराला पदराआड घेतलं. ज्या पाड्याची चिठ्ठी निघाली नव्हती तिथले बाप्ये तर मला बघून कोंबड्या झाकून ठेवत. मीही त्यांना धीर देण्यासारखं काही करत नव्हतो. एकदा तोलकाटा आंब्याच्या वाळक्या फांदीला टांगला. दाखवायला म्हणून जोरात ओढला, तर फांदी, काटा आणि सुपरवायझर एकदमच खाली आले. मुलं मात्र त्या दिवसापासून हसत तोलून घ्यायला लागली. एकदा मूल ठेवायच्या झोळीचं वजन वजा करायला विसरलो, तर ताईंचा फोन : "हेमंता, सायवनची पोरं एकदम पैलवान कशी झाली रे?" मी तपासलेल्या घरांत त्या न सांगता पुन्हा जायच्या. मला राग यायचा. "ताई, माझ्यावर एवढा संशय?" "तुझ्यावरच नाही," त्या म्हणत, "सगळ्यांवर आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू त्यातला एक."

दिवाळीनंतर वर्षाअखेरची वजनं झाली. निकाल सरळ आला... जेवण मिळालेल्या आणि न मिळालेल्या पाड्यांवरच्या मुलांत काही फरक नाही. संस्थेचे मुंबईचे मोठे साहेब म्हणाले, झालं, अहवाल लिहा. ताईंनी सही केली नाही. महिना होत आला, त्या सही करेनात. मला वेगळाच वास आला. बाईंना ही योजना आवडलेली, निकाल मनाविरुद्ध आला म्हणून खोड काढतायत. मी पोटात ठेवणारा माणूस नाही. त्यांच्या घरी चहा पिता पिता तोंडावरच बोललो.

त्या रागावल्या नाहीत. उलट खूश झाल्यासारख्या दिसल्या. "बरोबर आहे तुझा संशय. मलाही माझा तोच संशय येतोय. आता मला सांग, तू कुणाची वजनं केलीस?"

"घरी होती त्यांची."

"आणि नव्हती त्यांची?"

आता दिवाळीनंतर इकडची घरं जगायला बाहेर पडतात, कुणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी वरोरला मासळी सुकवायला, हे डहाणूच्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. आम्हालाही होतं. आम्ही दाराला कडी लावलेली बघायचो, 'घर बंद' लिहायचो आणि पुढे जायचो. ताईंच्या मनात आलं ते असं : जिथे संध्याकाळचं जेवण होतं, तिथे अगदी गरीब घरंही पोरांना आजीपाशी ठेवून गेली. जिथे नव्हतं, तिथली पोरं आईबापांबरोबर भट्टीवर गेली, आणि मागे उरली ती जरा बऱ्या घरची. म्हणजे आम्ही एकीकडे सगळी मुलं तोलली आणि दुसरीकडे फक्त धडधाकट.

"पण हे मला हवं तसं आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून माझ्यावर विसंबू नकोस. वजन तू कर. मी काट्याजवळ येणार नाही."

आणि खरंच आल्या नाहीत. भट्टीवर ताई विटांच्या थराआड पाठ करून बसल्या. मूल कुठल्या पाड्याचं, हे मीही वजन झाल्यावरच विचारायचं असं ठरलं होतं. धुरळा, ऊन... आणि मालकाचा मुकादम आम्हाला हेर समजून मागे मागे. मी एक पोर झोळीत ठेवलं. काटा इतका थोडा हलला की मला वाटलं, काटाच बिघडला. मी स्वतःची पाण्याची बाटली टांगून बघितली. काटा ठीक होता.

असे आम्ही भट्ट्या पालथ्या घातल्या, वरोरच्या किनाऱ्यावर वाळत्या बोंबलांमधून फिरलो. ती मुलं हिशोबात धरल्यावर फरक उघड दिसला. मी पेढे घेऊन गेलो. ताईंनी पुडा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "मला बरं वाटावं म्हणून काटा दाबला नाहीस ना कुठे?" मी शपथ घेतली. "शपथेला काय करायचंय?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या टोळीला पाठवून त्यातली मुलं पुन्हा तोलून घेतली. मग सही केली. मग पेढा खाल्ला. तो शिळा झाला होता, तेही सांगितलं. जेवण चालू राहिलं, आणि पुढच्या हंगामात राहिलेल्या पाड्यांवरही सुरू झालं.

त्या गेल्या हे सांगायला मी परवा सायवनच्या पलीकडे जानकीबाईंकडे गेलो. संध्याकाळचं जेवण त्या शिजवतात. पोरं ताटं घेऊन ओळीनं बसली होती. मी सांगितलं. त्यांनी पळी भातात खोचली. "बेस होती बाई," एवढंच म्हणाल्या. मग वाढायला वळल्या. पण ताटांकडे नव्हे, ओळीत मोकळ्या राहिलेल्या जागेकडे बघितलं. ताईंनी त्यांना लावलेली ही रीत. आधी न आलेल्याची चौकशी, मग भात.

"मनीषा कां नाय आली?"

"ताप आलाय तिला," पोरं एका सुरात ओरडली.

जानकीबाईंचा विश्वास बसला नाही. एका ताटात भात-डाळ वाढून वर दुसरं ताट झाकलं, फडक्यात गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

"तुझी गाडी हाय ना? जा, बघून ये."

मी गेलो.