बयाबाईचा खटला आणि अण्णा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते आणि फोन बाहेर पिशवीत होता. बाहेर येऊन पाहिलं तर सुमनकाकूंचे, म्हणजे अण्णांच्या सुनेचे, चार मिस्ड कॉल. लावला तर त्या एवढंच म्हणाल्या, "अश्विनी, मामंजी गेले गं सकाळी. मातीला गावाकडं नेलंय." गाव कर्नाटकाच्या हद्दीजवळ. दुपारची गाडी धरली असती तरी वेळेत पोचले नसते... खरं सांगायचं तर मी ती गाडी धरायला गेलेच नाही. स्टँडवर बाकावर बसून राहिले आणि नेहमीच्या वेळेला आमच्या गावच्या, तेरच्या गाडीत चढले. आईनं विचारलं, "लई दमलीस का गं?" मी हो म्हणाले. याला आता पाच आठवडे झाले. अजून तसंच दमल्यासारखं वाटतं.

नीलकंठ अण्णा माझे नात्यातले कुणी नव्हते. धाराशिवला कोर्टाच्या भिंतीलगत टेबल टाकून ते लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायचे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रवेशासाठी एक प्रतिज्ञापत्र हवं होतं म्हणून मी वडिलांबरोबर त्यांच्यापुढं उभी होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळं वडील माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. अण्णांनी कागदावरचं 'विज्ञान शाखा' वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकदम विचारलं, "पोरी, चंद्रावर माणूस किती भरतो?" मी म्हणाले, "सहावा हिस्सा." ते इतके खूश झाले की वडिलांना कळेना आपलं काम झालं की नाही. जाताना म्हणाले, "रोज गाडी सुटायच्या आधी येत जा. मला एक सायन्सवालं माणूस पाहिजेच होतं."

कशासाठी पाहिजे होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. अण्णा कादंबरी लिहीत होते. पृथ्वीवरून काही हजार माणसं एका दूरच्या ग्रहावर वस्ती करायला जातात, त्याची. ग्रहाचं नाव काय, तर 'माळ'. मी हसले तेव्हा म्हणाले, "न्हाय तर काय ठेवू? आपण कुठंबी गेलो तर पहिला माळच दिसणार." माळवर राज्य दोन सभांचं. शास्त्रसभा सांगणार काय आहे ते, आणि न्यायसभा ठरवणार काय करायचं ते. निवडणूक नाही, मंडप नाही, फ्लेक्स नाहीत. मी विचारलं, "अण्णा, पुढारी कुठं गेले?" "न्हेलेच न्हाईत. यानात जागा नव्हती." शेजारचा चहावाला मोठ्यानं हसला. तीस वर्षं कोर्टाच्या दारात बसून अण्णांनी जे पाहिलं होतं त्याचा शीण त्या ग्रहात उतरला होता असं मला आता वाटतं. तेव्हा मला ती नुसती गंमत वाटायची. कादंबरी सगळी अर्जांतून आणि साक्षींतून पुढं सरकायची, कारण दुसऱ्या तऱ्हेनं लिहायची त्यांच्या बोटांना सवयच नव्हती. सूर्य उगवला हे सांगायचं असलं तरी ते 'कथन करतो की' असंच लिहायचे. टाइप करताना ओळींमधल्या जागा ओठांतल्या ओठांत कानडीत मोजायचे.

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. ते टाळता यावं म्हणून मी हा लेख तीनदा सोडून दिला होता.

एके दिवशी अण्णांनी विचारलं, "आपल्या पृथ्वीच्या निम्म्या ओढीचा ग्रह असला, तर तिथं तागडी किती दाखवील?" तागडी म्हणजे आपली दोन पारड्यांची, एकीकडं धान्य, एकीकडं वजनाची मापं. मला बस गाठायची होती. नक्की ठाऊक नाही, असं म्हणायची लाज वाटली... अण्णा मला 'सायन्सवाली' म्हणायचे ना. मी म्हणाले, "निम्मं." त्यांनी मान डोलावली आणि त्या एका शब्दावर कादंबरीचा मोठा खटला उभा केला. माळवरच्या धान्यकोठाराची राखण करणारी बयाबाई. पृथ्वीवरून आलेली ज्वारीची पोती तिथं तागडीवर निम्मी भरतात. न्यायसभा म्हणते, बाईनं चोरली. शिक्षा म्हणजे परतीच्या यानात घालून द्यायचं, आणि परतीची वाट इतकी लांब की म्हातारं माणूस जिवंत पोचत नाही. मग शास्त्रसभेची एक तरुण बाई साक्षीला उभी राहते आणि सांगते की या ग्रहाची ओढच निम्मी, इथं तागडी निम्मंच दाखवणार. बयाबाई सुटते. साक्षीदाराचं नाव अण्णांनी ठेवलं, 'शास्त्रज्ञ अश्विनी, राहणार तेर'.

पुढं सहा-सात महिन्यांनी कॉलेजात तागडी वापरायचा प्रयोग होता. आमचे सर बाकांमधून फिरता फिरता सहज म्हणाले, "ही चंद्रावर नेली तरी एवढंच दाखवील. एका पारड्यातली वस्तू हलकी झाली तर दुसऱ्यातली मापंही तेवढीच हलकी होतात." माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. इतकी साधी गोष्ट. म्हणजे माळवर तागडीनं निम्मं दाखवलं तर धान्य खरंच निम्मं होतं. म्हणजे बयाबाई...

त्याच दिवशी सांगायचं ठरवून मी कोर्टाकडं गेले. अण्णा नेमकं निकालाचं पान चहावाल्याला आणि एका पक्षकार म्हातारीला वाचून दाखवत होते. ती म्हातारी स्वतःच्या तारखेला आलेली. वाचून झाल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला. "सुटली का बया? बरं झालं माय. कुनी तरी सुटलं." अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "ही बघा, हिनंच सोडवली." मी चहा पिऊन घरी आले.

उद्या सांगू, परवा सांगू करता करता दिवाळीची सुट्टी लागली. मग अण्णांच्या छातीत दुखायला लागलं आणि टेबल बंद झालं. मी घरी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "शेवटचं विचारतो. कुठं काही चुकलंय का गं? न्हायतर आता फेअर टाइप करायला घेतो." काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी नजरेनंच मला खुणावलं की नको, त्यांना टाइप करायला घेऊ देऊ नको. त्यांच्या मनात अण्णांची तब्येत होती, माझ्या मनात तागडी. मी म्हणाले, "न्हाय अण्णा, सगळं बरोबर हाय." त्यावर भरवसा ठेवून त्यांनी दोन महिने, रोज सकाळी दोन-तीन पानं, धाप लागत असताना ती सगळी कादंबरी पुन्हा टाइप केली. पूर्ण झाली आणि आठवड्याभरात ते गेले.

मागच्या रविवारी काकूंनी बोलावलं. अण्णांच्या खोलीत टेबलावर गठ्ठा होता. काकू म्हणाल्या, "वर्षश्राद्धाला छापून वाटायचं म्हणत्यात हे. सगळं बरोबर हाय नव्हं? तू सायन्सची म्हणून इचारते."

एक शब्द बदलून भागलं असतं, हे मी येतानाच गाडीत ठरवलं होतं. तागडीच्या जागी स्प्रिंगचा काटा लिहायचा. तो ओढीवर चालतो, तो निम्मंच दाखवतो. कुणाला कळलंही नसतं. पण गठ्ठा उघडला तर तागडी पानापानावर होती. न्यायसभेच्या दारावर कोरलेली, शास्त्रसभेच्या शिक्क्यावर, लग्नात नवरानवरीच्या मधे ठेवलेली. दोन्ही सभांनी तिच्याच नावानं शपथ घ्यायची असा माळचा कायदा होता. ती काढली तर अण्णांचा माळ राहत नव्हता.

"न्हाय काकू," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. दोन वाट्या घेऊन पारड्यांचं समजावून सांगितलं.

"मामंजींला सांगितलं व्हतंस?"

"न्हाय."

काकू उठून आत गेल्या. आता त्या मला जा म्हणतील असं वाटलं. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "बया चोर न्हाय. भाकरी करता करता सगळी साक्ष ऐकलीय म्या. पोती भरली कवा?"

"पृथ्वीवर."

"ते कळलं गं. सुगीत का मागनं?"

"तसं लिहिलं नाही अण्णांनी."

"मग वली भरली असतील. वली ज्वारी वाळली की घटती."

"निम्मी नाही घटत काकू."

"मग किती घटती?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. दोन वर्षांत त्या घरातल्या कुणापुढं पहिल्यांदा.

"शेतकऱ्याची लेक आन् माहीत न्हाय म्हनं," काकू म्हणाल्या. त्यांनी डब्यातली ज्वारी काढली, पाण्याचा हात लावून ओलसर केली, कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन तागडीवर जोखून आणली आणि अण्णांचं टेबल मोकळं करून त्यावर पसरली. खिडकीतून तिथं ऊन येतं.

काल त्यांचा फोन आला. "घटली गं. पर लई न्हाय. पारडं जरासं वर जातंय, बस."

"एवढ्यानं नाही सुटणार ती."

"हिशेबात उंदीर धरलेस का तू?"

"यानात उंदीर कुठून येणार काकू?"

"पोती हायत तिथं उंदीर असतातच. तू कॉलेजात इचार. तवर छापायचं न्हाय म्हनून सांगितलंय मी ह्यांना." त्यांचाही आवाज दमलेला होता. "अजून दोन दिस वाळू दे. पुन्हा जोखते."

मी बरं म्हणाले. फोन ठेवायच्या आधी पलीकडून टेबलावरच्या ज्वारीवरून हात फिरवल्याचा आवाज येत राहिला.