ताक कुठं पुरलंय?

बातमी आली तेव्हा मी ऊद मेथाच्या आमच्या शाळेत सातवीच्या वह्या तपासत बसले होते. स्टाफरूममधला फोन वाजला. पलीकडे जोसेफ होता, आमच्या शुक्रवारच्या टोळीतला सगळ्यात जुना गडी. मूळचा केरळचा, वाळवंटात सगळ्यात पुढची जीप नेहमी त्याची. एरवी तो फोनवर ओरडून बोलतो. त्या दिवशी इतक्या हळू बोलला की मला दोनदा "कौन?" असं विचारावं लागलं. "दिवाकर गया, मॅडम. सुबह ऑफिस जाने के लिए जूता पहन रहा था... बस, खलास." मी फोन ठेवला. का कोण जाणे, मनात एवढंच आलं, की बूट कुठल्या पायात घालत होता? डाव्या की उजव्या? उजव्या पायात बूट घालायला त्याला नेहमी वेळ लागायचा, आणि त्या उशिराचं कारण जगात फक्त मला माहीत आहे, अशा समजुतीत मी सहा वर्षं काढली होती.

दिवाकर सबनीस माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, पुण्याच्या कॉलेजातला मित्र. हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात तो लोखंडी टाक्या बनवून घ्यायचा आणि अल मनखूलमध्ये आमच्यापासून दोन बिल्डिंगी सोडून राहायचा. मी लग्न होऊन इथं आखातात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं मला बजावलं, "वहिनी, अहोजाहो केलंस तर तुझ्या हातचं ताक पिणार नाही." माझं ताक तेव्हाही प्रसिद्ध होतं... आलं, जिरं, हिंग आणि मीठ जरा चढं. दर शुक्रवारी पाच गाड्या वाळवंटात जायच्या. डांबरी रस्ता संपला की सगळे उतरून टायरमधली हवा कमी करायचे, आणि त्या फुस्स आवाजाबरोबर आठवड्याचं ऑफिसही अंगातून निघून जायचं. दिवाकरची बायको सुधा बटाटेवडे आणायची, जोसेफ केळ्याचे वेफर्स, आणि ताक माझ्याकडे. पाच लिटरची कडीची स्टीलची किटली होती, सासूबाईंनी पुण्याहून दिलेली. टेकडीच्या सावलीतली वाळू हातभर खाली गार असते हे मीच शोधून काढलं होतं. तिथं किटली गळ्यापर्यंत पुरून ठेवायची, दुपारी काढायची. बर्फाच्या पेटीतल्या ताकाला ती चव यायची नाही, आणि हे मी तेव्हा सगळ्यांना न विचारताच सांगत असे.

दिवाकरनं आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. पण त्याच्या ऑफिसातला एक ऑस्ट्रियन इंजिनियर नोकरी संपवून मायदेशी निघाला आणि जाताना आपल्या जुन्या स्की, बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, याच्या गळ्यात मारून गेला. झालं! चाळिशीचा, पोट सुटू लागलेला हा माणूस पट्ट्यांना खालून मेणबत्ती चोळायचा, धापा टाकत टेकडी चढायचा आणि वरून वाळूवर घसरत यायचा. सुरुवातीला तो घसरायचा कमी, गडगडायचाच जास्त. मग हळूहळू जमलं. सकाळच्या उन्हात ती लाल टेकडी, वरच्या कडेवर उडणारी बारीक वाळू, आणि त्यातून हात पसरून कसलाही आवाज न करता खाली येणारा दिवाकर... मला ते सगळं अजून तसंच दिसतं, आणि त्यात तो कधी खालपर्यंत पोचतच नाही. सुधा म्हणायची, "अहो, मुलीचं लग्न व्हायचंय अजून." त्यांची केतकी तेव्हा जेमतेम अकराची होती.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी तो सकाळपासून डावीकडच्या उतारावरून येत होता. म्हणून मी किटली उजवीकडे पुरली, कुणाचं लक्ष नव्हतं. कडी तेवढी वर राहिली होती. पुढं वारा फिरला, डावीकडची वाळू भुसभुशीत झाली, म्हणून त्यानं बाजू बदलली. मी वेफर्सचं पाकीट फोडत होते. मान वर केली तर तो उजवीकडून, थेट त्या सावलीच्या दिशेनं येत होता. मी हाक मारली का? मारली असावी, पण आवाज फुटला नाही बहुतेक. स्कीचं टोक कडीत अडकलं, तो भेलकांडला, पट्टी पायातून सुटली नाही, आणि उजव्या मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सगळे त्याच्याकडे धावले. मी किटलीकडे धावले! लिहितानाही लाज वाटते. किटली कलंडली होती, कडेला मोठा पोचा आला होता आणि लाल वाळूवर ताकाचा पांढरा ओघळ पसरला होता. मी चपलेनं त्यावर वाळू ओढली, किटली ओढणीत गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत नेऊन टाकली. मग गेले त्याच्यापाशी. तोवर जोसेफनं निकालही दिला होता, "नीचे झाडी का रूट होगा." दिवाकर डोळे मिटून म्हणाला, "मूळच असणार."

पुढचे दोन तास टोळीनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. दुसरी स्की फळीसारखी पायाला बांधली, जोसेफच्या गाडीतल्या मागच्या सीटा पाडून त्याला आडवं केलं. पण डांबरी रस्ता लांब होता आणि प्रत्येक हिसक्याला तो ओरडत होता. तेव्हा उरलेल्या चार गाड्या पुढं गेल्या. एकामागून एक, त्याच चाकोरीतून, पुढं आणि मागं, पुढं आणि मागं... वाळू दाबून दाबून त्यांनी त्याच्यासाठी रस्ता तयार केला. उंटांच्या मागं निघालेला एक म्हातारा बदू, वाळवंटातलाच अरब, आपली पिकअप घेऊन आला, काही न विचारता त्या रांगेत शिरला आणि खिडकीतून हात हलवत राहिला, "यल्ला, यल्ला, इन्शाल्ला खैर." म्हणजे चला, चला, देवाच्या मनात असेल तर भलंच होईल. मी दिवाकरचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

ऑपरेशन झालं, मांडीत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल, आणि वाळवंटाचं विसरा. हॉस्पिटलात कोणी कधी बसायचं, डबा कोणी न्यायचा, केतकीला शाळेतून कोणी आणायचं, याचं वेळापत्रक मीच बनवलं आणि कडक शिस्तीत राबवलं. लोक म्हणायचे, नलूवहिनीसारखं माणूस मिळणार नाही. मी ऐकून घ्यायचे. एकदा हॉस्पिटलात थर्मासमधून ताक ओतत असताना त्यानं सहज विचारलं, "वहिनी, ती किटली कुठं गेली गं?" मी म्हटलं, "गळायला लागली." त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "आलं कमी झालंय आज."

घरी आल्यावर तो फार गप्प झाला. वॉकर घेऊन हॉल ते किचन, किचन ते हॉल. शुक्रवार आला की बाल्कनीत जाऊन रस्त्याकडे पाहत राहायचा. सुधा एकदा माझ्यापाशी रडली. मार्ग काढला केतकीनं. एका शुक्रवारी ती आमच्याबरोबर आली होती, येताना तिनं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वाळूनं भरल्या आणि आपला लहानपणीचा निळा टब बाल्कनीत मांडून त्यात ओतल्या. "बाबा, यू कान्ट गो टु द सँड, सो आय ब्रॉट इट." दिवाकर कठडा धरून अनवाणी त्यात उभा राहिला. नंतर फिजिओवालाही म्हणाला, उत्तम व्यायाम आहे. मग ती रीतच पडली. टोळीतला कुणी कुठंही गेला तरी बाटलीभर वाळू आणायचा. हत्ता रस्त्याची लाल, समुद्राकडची पांढरट शिंपल्यांची, लिवाची पिवळी. संध्याकाळी तो डोळे मिटून टबात उभा राहायचा, शेजारच्या मशिदीतून अजान येत असायची, आणि तो पायाची बोटं हलवत ओळखायचा, "ही लिवा... बारीक आहे, पिठासारखी. ही कुठली, जोसेफ? ओली वाटते." तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पाहून मला वाटायचं, हा आत्ता टेकडीवरच आहे, बाल्कनीत आम्हीच तेवढे उरलोय.

वर्षानं तो परत आला. त्याच टेकडीवर. जोसेफ आणि श्रीकांतनं त्याला दोन्हीकडून धरून अर्ध्यापर्यंत चढवलं, पायात स्की घातल्या. खाली आम्ही सगळे उभे. सुधानं तर पाठच फिरवली होती. आणि वरून आवाज आला, "वहिनी, ताक कुठं पुरलंय?"

सगळे खो खो हसले. मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले. किटलीचं काम सोडून मला वर्ष झालं होतं, ताक आता थर्मासमध्ये असायचं, हे त्याला माहीत होतं. श्रीकांतच ओरडला, "गाडीत आहे रे, ये!" आणि दिवाकर आला... हळू, वाकडातिकडा, पण उभाच्या उभा खालपर्यंत आला.

त्यानंतर टेकडीवरून कुणीही यायचं झालं, की आधी ही आरोळी. नवीन आलेल्या इंग्रज पोरांनाही पाठ झाली. "टाक कुठं पुरलंय?" खालून कुणी ना कुणी उत्तर द्यायचं. मी कधीच दिलं नाही. त्याला खरं माहीत आहे का तो नुसती थट्टा करतोय, याचा छडा मला लागेना आणि विचारायचं धाडस होईना. दर शुक्रवारी मी ती हाक ऐकायचे आणि वेफर्स वाटायला लागायचे. अशी पाच वर्षं गेली. आता विचारायला तो राहिला नाही.

गेल्या आठवड्यात सुधानं मला बोलावलं. ती आणि केतकी पुण्याला परत जातायत. घर आवरून झालं होतं, बाल्कनीतला टब तेवढा राहिला होता. थर दिसत होते त्यात, लाल, पांढरा, पिवळा, आणि मधोमध दोन पावलांचे खळगे. मी घरून निघताना माळ्यावरून ती किटली काढून पिशवीत घेतली होती. ती सुधासमोर ठेवली, पोचा तिच्याकडे वळवला आणि सगळं सांगितलं. चपलेनं वाळू ओढल्याचंही.

सुधा पोच्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "नलू, पडले तेव्हा यांच्या तोंडात वाळूबरोबर आलं-जिरं गेलं होतं गं. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलात मला म्हणाले, वहिनीला कळू देऊ नकोस मला कळलंय ते... ती ताक आणायचं बंद करील."

मी रडले, आणि रडता रडता हसूही आलं. मग आम्ही दोघींनी वाटीवाटीनं टबातली वाळू किटलीत भरली. मावली तेवढी.

काल शुक्रवारी टोळी त्या टेकडीवर गेली. सुधा आणि केतकीही होत्या. जोसेफ दिवाकरच्या स्की घेऊन वर चढला, उभा राहिला. वारा होता, कडेवरची वाळू उडत होती. मग तो कसाबसा ओरडला, आपल्या मल्याळी मराठीत, "वहिनी, टाक कुठं पुरलंय?"

मी किटली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "माझ्याजवळ आहे रे," मी ओरडले, "ये तू!"